पाहुण्याला आवडलेलं झाड

(मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खेड्यातलं घर, दुपारच्या जेवणाची वेळ. फारा पाहुण्याशी फ्रेंचमध्ये बोलते आणि सासूशी, म्हणजे नेनीशी, गावच्या भाषेत. पाहुणा आणि नेनी यांना एकमेकांचा एक शब्दही कळत नाही.)

नेनी: मी काय सांगितलं होतं? वझाहासमोर पोरीला आणू नकोस म्हटलं होतं. परदेशी माणूस, त्यांना जीभ आवरता येत नाही. तू हसलीस. आता भोग.

फारा: नेनी, एवढंच तर म्हणाले ते, की बाळ फार सुंदर...

नेनी: हळू! तेच पुन्हा मोठ्यानं कशाला म्हणतेस? ऐकणारे चहूकडे असतात. ही घूस आहे. नकटी, टकली, वास मारणारी घूस. म्हण.

फारा: अहो, काय हे.

नेनी: म्हण की. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं.

फारा: घूस आहे. नकटी आहे. झालं? सकाळपासून शिंकतेय ती, मला त्याची काळजी लागलीय. कपाळ बघा बरं. कोमट लागतंय की मलाच तसं वाटतंय?

नेनी: शिंकणारच. त्यानं कौतुक केलं आणि तू खुशाल ऐकून घेतलंस. कुठाय तो?

फारा: नदीवर. हात धुतायत. आधी साबण, मग बाटलीतलं पाणी, मग वरून कसलंसं औषध चोळतात.

नेनी: काल झाडाला मिठी मारली तेव्हा नाही धुतले हात! गाल घासत होता बुंध्याला. पांढऱ्या केसांचा बाप्या, गुडघाभर चिखलात उभा, आणि ढसाढसा रडतोय. तुझा नवरा तोंड फिरवून शीळ घालत होता. लाज वाटली असेल माझ्या लेकाला.

फारा: लाज नाही, सवय झालीय त्यांना. वाटाड्याचं कामच ते. असले माड-ताड बघायला येणारे सगळे असेच असतात, नेनी. मागच्या वेळची ती बाई आठवते ना? झाडाचं पान मोजता मोजता पाण्यात पडली आणि आधी मोजपट्टी वर धरली.

नेनी: मोजून काय करतात?

फारा: एकमेकांना सांगतात.

नेनी: आणि ह्याचं ते झाड?

फारा: ते फार दुर्मिळ आहे. ह्या जातीचं, एवढ्या मोठ्या पानाचं ताडाचं झाड ह्या किनाऱ्याखेरीज कुठंच आपोआप उगवत नाही. ह्यांनी तरुणपणी त्याचा फोटो पाहिला होता, तेव्हापासून यायचं म्हणत होते. दातांचे डॉक्टर होते, दवाखाना विकून आलेत.

नेनी: माझ्या घरामागच्या दलदलीत आहे ते दुर्मिळ. आणि ह्याच्या घरामागं काय असेल ते साधं?

फारा: आले बघा ते. ताट मोठं घेऊ का? वास किती छान येतोय. नारळाच्या दुधात काय शिजवलंत?

नेनी: पाहुण्याचं आहे. पाहुण्याला वाढ. तू मागून.

देल्वो: नमस्कार, मॅडम फारा! किती सुगंध! काय हे, मी उशीर तर केला नाही ना? आणि ही राजकन्या जागी आहे! अहाहा, काय डोळे आहेत...

फारा: बसा मस्यू देल्वो, बसा. तिच्याकडे बघू नका, तिला... तिला झोप येतेय.

नेनी: काय म्हणाला घुशीला?

फारा: दात येतायत का, विचारलं. दातांचेच डॉक्टर ना.

देल्वो: तुमचे यजमान किती वाजेपर्यंत येतील? माझे मित्र त्यांच्या होडीत आहेत. विश्वास बसत नाही, आज ऊन उतरायच्या आत ते सगळे त्या झाडाखाली उभे असतील! त्यातला एक तर छातीचं दुखणं बायकोपासून लपवून आलाय. म्हणाला, मेलो तर त्या झाडाखाली पुरा.

नेनी: हा केवढं बोलतो! भात निवतोय त्याचा.

फारा: मित्र येणार म्हणून आनंदात आहेत.

देल्वो: मी एक दिवस आधी आलो ते बरं केलं. काल मी होतो, ते झाड होतं, आणि कुणीही नव्हतं. म्हणजे तुम्ही सगळे होतात. पण समजलं ना तुम्हाला? अरे वा. अरे वा! हे काय आहे? किती कोवळं! बदामासारखं लागतंय. की काकडीसारखं?

नेनी: आवडलं! बघ, भुवया कशा वर गेल्या. वाढ, वाढ. हात आखडू नकोस.

देल्वो: पण खरं सांगू, काल रानातून येताना माझं मन विटलं. वाटेत किती बुंधे पडले होते! शेंडा छाटून गाभा काढून नेलेला, आणि बाकी झाड कुजत टाकलेलं. एका भाजीसाठी! ताडाला फांद्या नसतात, एकच शेंडा, तो काढला की झाड संपलं. हे कळायला काय डॉक्टर व्हावं लागतं? रागावू नका, पण तुमची माणसं... अजून थोडं मिळेल का? तो मऊ भाग. हं, तोच.

नेनी: काय म्हणतो?

फारा: म्हणतायत, रान मोठं आहे.

नेनी: एवढ्या शब्दांत एवढंच?

फारा: फ्रेंच भाषा लांब असते, नेनी.

देल्वो: आईंना सांगा, असं जेवण मी पॅरिसमध्येसुद्धा जेवलो नाही. नाव काय ह्या भाजीचं? मला लिहून घ्यायचंय.

नेनी: थांब, हे नको सांगूस मला. चमचा वर धरून बघतोय म्हणजे विचारतोय, हे काय. सांग त्याला. सांग, तुझंच आहे.

फारा: त्यांचं म्हणजे?

नेनी: त्याचं म्हणजे त्याचं. त्यानं मागितलेलं.

फारा: काय मागितलं त्यांनी?

नेनी: अगं, तूच तर सांगितलंस काल मला! दलदलीत उभी राहून, कडेवर पोर घेऊन, एकेक शब्द. म्हणे, हे मिळालं, आता मला आयुष्यात दुसरं काही नको. मग मी काय बहिरी आहे? पहाटेच उठले. कुऱ्हाड घेतली, दारूची बाटली घेतली. वाडवडिलांसाठी मुळाशी ओतली, विचारलं, पाहुण्याचा जीव ह्या झाडावर गेलाय, देऊ का? कुणी नाही म्हणालं नाही. पानसुद्धा हललं नाही.

फारा: नेनी. कुठलं झाड?

नेनी: तो ज्याला बिलगला ते. शेजारचं कोवळं होतं, तोडायला सोपं, पण पाहुण्याला एक आवडलं आणि ताटात दुसरंच, असं केलं असतं तर उद्या गावानं तोंडात शेण घातलं असतं माझ्या.

देल्वो: काय म्हणतायत आई? मॅडम फारा? तुम्ही एकदम पांढऱ्या पडलात.

फारा: काही नाही. बाळ... बाळ परत शिंकलं. ही भाजी, त्या म्हणतात, नारळाच्या कोंबाची आहे. वादळात नारळाचं एक झाड पडलं होतं अंगणात.

देल्वो: नारळ! हां, मग ठीक. नारळ काय, पैशाला पासरी. खावा बिनधास्त. वाढा!

नेनी: बघ कसा हसला. सांगितलंस ना?

फारा: नेनी, माझं ऐका. हसू नका, त्यांच्याकडे बघू नका, भात वाढल्यासारखं करा आणि ऐका. ते झाड सरकारी रानातलं आहे. ते तोडलं तर तुरुंग आहे. तुम्हाला. ह्यांचा वाटाड्याचा बिल्ला जाईल, मग आपण खायचं काय? पोरीला ताप आला तर होडी कशाच्या जोरावर बोलवायची? आणि आता ह्या पाहुण्याचे मित्र येतायत, तेच झाड बघायला!

नेनी: मग येऊ देत. भांडं भरलेलं आहे, त्यांनाही पुरेल.

फारा: अहो, त्यांना बघायचंय ते!

नेनी: काल ह्यानं बघितलं ना? दिवसभर बघितलं. बघून झाल्यावर माणूस काय करतो? आणि सरकारला सांगणार कोण? हा? ह्यानं माझं मीठ खाल्लंय. माझ्या घरात बसून, माझ्या भांड्यातलं. तो मला तुरुंगात घालेल? तू काहीतरी विचित्रच शिकून आलीस तमाताव शहरातल्या कॉलेजातून. उलट त्याला नीट सांग, खुलवून सांग. म्हणावं, मुकादमाच्या जावयालासुद्धा ह्या गावात कुणी अख्खं झाड वाढलेलं नाही.

फारा: सांगते. नंतर सांगते.

नेनी: नंतर कधी? जेवून उठल्यावर? तोंडात घास आहे तोवर सांगतात. थांब, तुला नाही जमायचं. मीच दाखवते.

फारा: नेनी, कुठं निघालात? नेनी!

देल्वो: काही आणायला गेल्या का? नको म्हणा, माझं पोट फुटेल आता. खरंच, गरीब माणसांचं मन किती मोठं असतं नाही? माझ्या देशात शेजारी मीठसुद्धा देत नाहीत.

फारा: मस्यू, तुम्ही जरा पडून घ्या ना. आतल्या खोलीत वारा येतो. नाहीतर नदीवर जा, होडी लांबून दिसेल.

देल्वो: नाही नाही, मी विचार करतोय की मित्र येण्याआधी एकदा एकटाच जाऊन येतो झाडाकडे. दुपारचा प्रकाश पानांतून कसा उतरतो ते बघायचंय. कोण जाणे, परत...

फारा: नको! म्हणजे... भरती आहे. दलदलीत पाणी चढतं ह्या वेळेला.

नेनी: हं. हे बघ म्हणावं. टोपली ठेवते इथं. पोरांना खेळायला आणली होती फळं, पण त्यानं बघू दे. आणि हा पानाचा तुकडा. भांड्यावर झाकायला आणला. सांग आता, घे हात लावून. तुझंच आहे.

देल्वो: हे... थांबा. हे फळ.

फारा: मस्यू देल्वो...

देल्वो: हे फळ मी ओळखतो. पण ही वर असतात, पानांच्या बेचक्यात, अगदी आत. हात पोचत नाही. काल मी दुर्बिणीतून पाहिली. ही पडलेली नाहीत. हा देठ कापलाय. ताजा कापलाय. मॅडम, मी काय खाल्लं?

फारा: जेवलात तुम्ही.

देल्वो: मी काय खाल्लं?

फारा: ह्यांनी तुमच्यासाठी केलेलं जेवण.

देल्वो: देवा. देवा, देवा. मला... बाजूला व्हा...

नेनी: काय झालं त्याला? कठड्यावरून वाकून... ओकतोय? फारा, तो ओकतोय का?

फारा: त्यांना मानवलं नाही, नेनी. सवय नाही त्यांना नारळाच्या दुधाची.

नेनी: मघाशी वाढ वाढ करत होता.

देल्वो: मारेकरी आहात तुम्ही! सांगा तिला! हा खून आहे. किती वर्षांचं झाड असेल ते, तिच्या आजीच्याही आधीचं! आणि तुम्ही नारळ म्हणून सांगितलंत? शिकलेल्या आहात ना तुम्ही? मी वनखात्यात जाणार. आजच. होडी आली की त्याच होडीनं. ह्या बाईचं नाव, तुमच्या नवऱ्याचं नाव, सगळं सांगणार!

फारा: सांगा. आणि हेही सांगा की काल तुम्ही झाडाला धरून रडलात. तुम्ही म्हणालात, हे मिळालं, आता दुसरं काही नको. तुमच्याकडे असं बोलून माणूस घरी जातो आणि जेवतो. इथं तुम्ही बोललात आणि एका म्हातारीनं झोप मोडली. तिला वाटलं, एवढा शिकलेला माणूस उगाच बोलणार नाही.

देल्वो: मला ते बघायचं होतं! फक्त बघायचं!

फारा: फक्त बघायला कोण एवढ्या लांब येतं, असं विचारते ती. मी काय उत्तर देऊ? मलाही कधी नीट कळलेलं नाही.

देल्वो: तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला... एक मिनिट. ही टोपली. ही फळं आतून पिकलीयत का? कुणी उकडली नाहीत ना? उन्हात ठेवली नव्हती ना?

फारा: काय?

देल्वो: हात लावू नका कुणी! बाळाला दूर घ्या. हे बघा, हे पक्व आहे, ह्यातली बी रुजेल. हेही. देवा, किती आहेत! झाड उभं होतं तोवर एवढी कुणाच्या हाती लागली नसती, ठाऊक आहे तुम्हाला? ओलं फडकं मिळेल? स्वच्छ, सुती. आणि एखादी पिशवी. माझी हिरवी पिशवी आत आहे.

फारा: मस्यू, तुम्ही रडताय.

देल्वो: रडणारच! अशी हानी झाली... फडकं जरा घट्ट पिळून आणा, पाणी ठिबकता कामा नये.

फारा: ह्या बिया तुम्ही देशाबाहेर नेणार? सरकारची परवानगी काढलीय?

देल्वो: मी जपणार आहे त्यांना. काचघरात, उबेत. इथं ठेवून काय होतं ते दिसलंच आज मला.

फारा: आणि वनखात्यात आजच जाणार होतात ते?

देल्वो: ते... बघू. त्याची एवढी काही घाई नाही. माणसानं शांतपणे विचार करावा. तुमच्या सासूबाई वृद्ध आहेत. आणि मित्रांना आपण सांगू... वादळ. मघाशी तुम्ही वादळ म्हणालात ना? ते चांगलं आहे.

फारा: घाई नाही. वा. मघाशी खून होता, आता वादळ झालं. तुमच्या दाढेत अडकलेला गाभा निघायच्या आत.

देल्वो: तुम्हाला टोमणे सुचतायत! मी तुमच्याच घराला वाचवतोय.

फारा: हो. टोपलीसकट.

नेनी: फारा.

फारा: काय नेनी? बसा ना तुम्ही, उभ्या का? सगळं मिटलं. ते नाही सांगणार कुणाला. सुटलो आपण.

नेनी: ताट बघ त्याचं.

फारा: मी उचलते.

नेनी: शेवटचा घास चावून परत ताटात टाकलाय. फळं बघ कशी पुसतोय, एकेक. आणि हे असं टाकलंय.

फारा: त्यांना बरं वाटत नव्हतं.

नेनी: भाषा कळत नाही मला. तोंड कळतं. त्याला किळस आली माझ्या जेवणाची. मला वाटलं होतं, रडतोय म्हणजे भुकेला आहे.

फारा: नेनी, त्यांची पद्धत वेगळी...

नेनी: मी माझ्या नावावर मागून आणलं होतं गं. पाहुणा खाईल म्हटलं होतं. वाडवडिलांनी दिलं. आता विचारतील, खाल्लं का त्यानं? मी काय सांगू, ओकला? भांडं दे इकडं.

फारा: कशाला?

नेनी: ज्यांचं आहे त्यांना परत देऊन येते. झाडाच्या मुळाशी ठेवते, दोन शब्द बोलते. आपल्या घरात नको हे.

फारा: आत्ता नको! पाणी चढतंय. तुमचा तो गुडघा, काल काठी धरूनही घसरलात तुम्ही. हे येऊ देत, ते जातील तुमच्याऐवजी.

नेनी: माझ्या लेकानं, तुम्बूनं मागितलं नव्हतं. मी मागितलं. आणि उद्यावर टाकलं तर ते वसूल करायला माझ्याकडे नाही यायचे. लहानांपासून सुरुवात करतात. घुशीला छातीशी धर, बाहेर काढू नकोस.

फारा: नेनी, भांडं तरी ठेवा, दोन्ही हात मोकळे... नेनी! अहो नेनी! ऐका माझं!

देल्वो: त्या फार चिडल्यात का? फडकं राहिलंच.

फारा: उठा, मस्यू.

देल्वो: एवढी निवडून होऊ देत. ही चिरलेली बाजूला काढली नाहीत तर बाकीचीही कुजतील.

फारा: उठा म्हणते ना! ती दलदलीत गेलीय. हातात जड भांडं, पायाखाली चिखल, आणि भरतीचं पाणी आत येतंय. ती तिथं जाऊन उभी राहील आणि बोलत बसेल, पाणी कमरेला लागलं तरी तिला कळणार नाही. गाव सगळं डोंगरावर लवंगा तोडायला गेलंय. हे बाळ तापलंय, हात लावून बघा, बघा! हिला घेऊन मी चिखलात उतरू? की हिला इथं एकटीला ठेवून जाऊ?

देल्वो: पण मला... त्या मला बघून आणखी चिडतील.

फारा: चिडू देत. चिडली म्हणजे जिवंत आहे.

देल्वो: भरती आहे म्हणालात तुम्ही. मघाशी तुम्ही मला थांबवायला म्हणालात, की खरंच?

फारा: तुम्हाला थांबवायला म्हणाले. आणि खरंच आहे.

देल्वो: वाट... डावीकडून ना? त्या वाकड्या खोडापाशी?

फारा: हो. मुळांवर पाय ठेवा, मधल्या पाण्यात नको. पिशवी राहू द्या इथं. मी हात लावत नाही तिला, शपथ. हात मोकळे घेऊन जा.

देल्वो: आणि ते झाड... ते आता कसं दिसत असेल, मी... मला ते बघवेल की नाही...

फारा: झाडाकडे बघू नका हो आता. ती दिसते का तेवढं बघा. दिसली की तिथूनच मला मोठ्यानं हाक मारा.